हिरवं रक्त

"बाय, चेहरा अगदीच ओढलाय. रक्तात ऑक्सिजन नाही तुझ्या." म्हापसा-पणजी बसमध्ये शेजारच्या काकांनी हे निदान एवढ्या खणखणीत आवाजात केलं की पुढची डोकीही तपासणीला वळली. गालावरची मुरुमं मला आरशात दिसतात हो. भर बसमध्ये पंचनामा कशाला?

काकांनी पिशवीतून बाटली काढली, हलवली आणि झाकणभर गडद हिरवं पाणी घशात ओतलं.

"लिक्विड क्लोरोफिल. रक्तात नि ह्यात फरक फक्त एका अणूचा!"

अर्धं खरं. रक्त लाल करणाऱ्या हीमच्या मधोमध लोह असतं, पानं हिरवी करणाऱ्या क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियम. बाकी सांगाडा बराचसा सारखा. ह्या दोन्हींवरच्या कामासाठी हान्स फिशर यांना १९३० चं नोबेल मिळालं. म्हणून हिरवं पोटात गेलं की त्याचं लाल होतं, असं त्यांनी म्हटलं नव्हतं.

"पान ऑक्सिजन सोडतं की नाही?"

"उजेडात सोडतं, काका. पोटात कुठला उजेड?"

"गोव्याचं ऊन आहे, बाय. आतपर्यंत जातं."

ह्यावर काय बोलणार?

"शिवाय घामाचा वास जातो," असं म्हणत काकांनी हात वर करून दांडा धरला. मी खिडकीकडे सरकले.

"मग बकरा? तो जन्मभर पालाच खातो."

काका क्षणभर विचारात पडले. "त्याचा डोस चुकत असेल."

बाटली मागून घेतली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सोडियम कॉपर क्लोरोफिलिन. म्हणजे आत क्लोरोफिल नव्हतंच! ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून कारखान्यात त्याची लांब शेपटी तोडतात, मॅग्नेशियम काढून तांबं बसवतात. ह्याचं जेल मुरुमांवर किंवा उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर लावून छोट्या चाचण्यांत थोडा गुण दिसलाय. पिऊन कांती उजळते ह्याला मात्र भक्कम पुरावा नाही. जीभ रंगते, शौच हिरवं होतं, कधी जुलाब लागतात, हे मात्र होतं. काकांनी हौसेने जीभ दाखवली. हिरवीच होती.

खरं क्लोरोफिल हवं तर पावसाळ्यात टायकिळा आणावा, नाहीतर शेवग्याचा पाला. तेलाची फोडणी द्यावी, झाकण न ठेवता झटपट शिजवावा. झाकलं की भाजीतलं आम्ल वाफेबरोबर बाहेर पडत नाही, मॅग्नेशियमला हुसकावतं आणि भाजी शेवाळी होते. अळवाचं तेच, पण त्यात आंबट घालावंच लागतं. घसा खाजण्यापेक्षा रंग गेलेला परवडला.

हे सगळं मी सांगितलं, उदाहरणांसकट. काका म्हणाले, "बाटली साडेआठशेला." पर्वरी येईपर्यंत मागच्या दोघींनी नंबर लिहून घेतला. त्यातल्या एकीने वर मलाच सुचवलं, "तुम्हीही घ्या हो, गरज दिसते."