वायर तुटते हे मान्य, पण कुठे तुटते तेही बघा

काउंटरवर वायरीचाच माऊस ठेवा, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर खानापूरच्या एका सेवा केंद्रातून खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. तिचा गोषवारा असा: "लेख दहा वर्षं जुना वाटतोय. वायरलेस मागं पडतो असं आता कोण म्हणतंय? वायरीचे दोन माऊस आमच्याकडं वर्षात तुटले. सेल बदलायला दोन मिनिटं. उगंच लोकांना भीती घालायला लागलाय तुम्ही. संध्याकाळी बॅकअप घेताना तेवढा बाण अडखळतोय, पण ते आमचं कॉम्प्युटर जुनं म्हणून."

दादा, नमस्कार. पहिला मुद्दा तुमचा बरोबर. 'वायरलेस मागे पडतो' हे सरसकट विधान चुकीचं होतं, ते लेखातून काढलं आहे. ऑफिसच्या साध्या माऊसला, वायर असो वा नसो, कॉम्प्युटर साधारणपणे सेकंदाला १२५ वेळा 'हललास का?' असं विचारतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. बऱ्यापैकी रिसीव्हर (वायरलेस माऊसचं ऐकायला कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये खोचतात तो छोटा तुकडा) असेल तर वायरलेसचा जो काही जादा उशीर होतो, तो उतारा काढणाऱ्याच्या किंवा लग्नपत्रिका जुळवणाऱ्याच्या हाताला कळत नाही. थोडा वेळ हात लावला नाही की सेल वाचवायला माऊस झोपतो आणि उठताना क्षणभर खातो, तेवढंच.

पण तुमची शेवटची ओळ सगळ्यांत कामाची आहे. बाण बॅकअपच्या वेळीच का अडखळतो? आज बॅकअप सुरू असताना वायरीचा माऊस लावून बघा. तो सरळ चालला तर बिचाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवरचा आळ काढून घ्या. दोष बहुतेक शेजाराचा आहे. बॅकअप जिच्यावर घेता ती बाहेरची हार्ड डिस्क बहुतेक यूएसबी ३ ची असते, तिचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट. त्या वेगानं डेटा धावायला लागला की पोर्ट, पिन आणि वायर यांतून रेडिओचा गोंगाट बाहेर सांडतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. माऊसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेलनं २०१२ साली यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं, म्हणजे ही काही गल्लीतली ऐकीव गोष्ट नव्हे. कॉपी थांबली की बाण नीट, सुरू झाली की पुन्हा अडखळला, ही याची खूण.

उपाय स्वस्त आहे. रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्या निळ्या (म्हणजे यूएसबी ३ च्या) पोर्टमधून काढा. एक मीटरची साधी यूएसबी २ एक्स्टेंशन केबल घ्या, तिचं टोक टेबलावर आणा आणि रिसीव्हर माऊसपासून वीतभर ते हातभर अंतरावर ठेवा, डिस्कच्या वायरीपासून लांब. काळे (यूएसबी २ चे) पोर्ट भरले असतील तर कीबोर्ड निळ्यात न्या, त्याला फरक पडत नाही. वाय-फायचा राऊटर त्याच टेबलावर असेल तर तोही सरकवा. कॅबिनेटच्या मागं लावलेला रिसीव्हर पत्र्याच्या आडून माऊसचं ऐकत असतो, हे बहुतेक काउंटरवर कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता वायर. दोन माऊस तुटले म्हणता, पण बहुतेक वेळा वायर एकाच ठिकाणी जाते: माऊसच्या तोंडाशी, रबरी गळ्याच्या आत. बाहेरून धड दिसते, आतली तार तुटलेली असते. गळ्याजवळ वायर हळू वाकवा. माऊसचा लाल दिवा विझत-पेटत असेल आणि कॉम्प्युटर यंत्र निघाल्या-लागल्याचा आवाज करत असेल, तर दुखणं तिथंच. असा माऊस टाकू नका. खालच्या स्टिकरमागं किंवा पायांच्या पट्टीखाली एखाद-दुसरा स्क्रू असतो. उघडा, आतल्या तारा कुठल्या क्रमानं लागल्यात त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, खराब भाग धरून चार-पाच सेंटीमीटर कापा आणि त्याच क्रमानं पुन्हा डाग द्या (सोल्डर करा). रंग साधारण असे: लाल पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. स्वस्त मालात रंग काहीही असतात, म्हणून फोटोवर किंवा मल्टिमीटरवर भरवसा, रंगावर नको. पाच व्होल्ट आणि ग्राउंड उलट लागले तर आतली चिप जळू शकते. वायर पुन्हा आतल्या खुंट्यांमधून पूर्वीसारखी वळवून घ्या, नाहीतर पहिल्या हिसक्यालाच डाग सुटेल.

मुळात तुटू नये म्हणून माऊसमागं वायरीचा सैल वेटोळा राहू द्या आणि त्यापुढची वायर टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं धरा. ड्रॉवरमध्ये चेमटते ती वायर वेगळी, आणि उंदीर कुरतडतात ती आणखी वेगळी. (आपल्याच नावाच्या माऊसलाही सोडत नाहीत.) उंदरांचा त्रास खरोखर असेल तर तुमचा वायरलेस शंभर टक्के बरोबर, त्यावर वाद नाही.

सेलचं मात्र दोन मिनिटांचं गणित पुरतं नाही. साध्या जस्त-कार्बन सेलचं जस्ताचं डबडंच वीज देताना झिजतं, त्यामुळं संपत आलेला सेल गळतो. खानापूर-जांबोटीच्या पावसात दमट हवेनं स्प्रिंगही गंजते. आल्कलाइन सेल घाला, आणि केंद्र आठवडाभर बंद राहणार असेल तर काढून ठेवा. तोही गळला आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी खपली दिसली तर ती अल्कधर्मी असते: कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन पुसा, मग ओल्या काडीनं, मग कोरडं. डोळ्याला हात लावू नका. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे सेल बहुतेक माऊसना चालतात. सेल उतरतो तेव्हा आधी पल्ला घटतो, म्हणून बाण अडखळतो, आणि माणूस सेल सोडून विंडोजवर चिडतो.

एक गोष्ट तुम्ही धरलीच नाही. काउंटरवर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे व्यवहार होतात. २०१६ साली बास्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की कित्येक कंपन्यांचे ब्लूटूथ नसलेले माऊस रिसीव्हरशी कुलूप न लावता बोलतात आणि दुरून कुणीही तुमच्या मशीनमध्ये कळा दाबल्यासारखं टाइप करू शकतो. काही कंपन्यांनी नंतर सुधारणा दिल्या. बिननावाच्या रिसीव्हरला सुधारणा कुठून येणार? तेव्हा वायरलेसच ठेवायचा तर नाव असलेल्या कंपनीचा, नाहीतर ब्लूटूथचा. फक्त विंडोज नव्यानं टाकताना बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) ब्लूटूथ माऊस सहसा चालत नाही, म्हणून वायरीचा एक ड्रॉवरमध्ये असू द्या.

एका क्लिकला दोनदा उघडणं हा आजार दोघांनाही सारखाच. आतला मायक्रोस्विच झिजतो, वायरीचा त्यात काही हात नाही. बेळगावात शहापूर-वडगावच्या मागांजवळ सेन्सरच्या भोकात सुताची लव अडकते, निपाणीत तंबाखूची धूळ चाकात जाते, तीही दोघांच्या.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या शॉपफ्लोअरवर मात्र तुमचाच पक्ष घेईन. तिथं पॅनेलपासून टेबलापर्यंत पाच-पाच मीटरची एक्स्टेंशन लावतात आणि माऊस मध्येच गायब होतो. संथ वेगाच्या साध्या यूएसबी माऊसला एकूण ३ मीटर वायरीचीच मर्यादा आहे. तिथं रिसीव्हर पत्र्याच्या पेटीबाहेर काढून वायरलेस वापरणंच शहाणपणाचं.

तुमच्या केंद्रात आधी ती एक मीटरची केबल लावा आणि संध्याकाळी बॅकअप घेऊन बघा. तरीही बाण अडखळला तर कॅबिनेटच्या मागचा फोटो इथं टाका. कुठल्या पोर्टमध्ये काय लावलंय ते दिसलं पाहिजे, डिस्कसकट.