शेवटचा स्वर लांबवता येईल असा शब्द

परवा रात्री एका जुन्या मित्राशी फोनवर पाऊण तास वाद झाला, तो इथे संपवतो. फोनवर त्यानं मला बोलूच दिलं नाही.

त्याचं म्हणणं असं, की रॉकवाले म्हातारे झाले की कोट चढवतात, पियानोला टेकून उभे राहतात आणि आजोबांच्या काळातली गाणी म्हणायला लागतात. आवाज गेलेला असतो, नवीन सुचत नसतं, मग मागे बँड नको, व्हायोलिनं पाहिजेत. पुरावा म्हणून त्यानं रॉड स्टुअर्ट काढला. 2002 पासून त्या माणसानं अमेरिकन जुन्या गाण्यांचे अल्बमवर अल्बम काढले आणि ते धो धो खपले. मग बॉब डिलन काढला, 2015 ते 2017 मध्ये तीन अल्बम, त्यातला शेवटचा तर तब्बल तीस गाण्यांचा. "आणि तुझा तो कॉस्टेलो, तोही त्यातलाच," असं म्हणून फोन ठेवला.

तर नाही. तो त्यातला नाही.

जुनी गाणी गाणं वेगळं आणि जुन्या घाटाचं नवं गाणं लिहिणं वेगळं. पहिल्यात तुमच्यासमोर ताट वाढलेलं असतं. कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स, गर्शविन बंधू या जुन्या अमेरिकन गाणी रचणाऱ्यांनी सगळा स्वयंपाक करून ठेवलाय, तुम्ही फक्त जेवायचं. (चांगलं जेवतातही काही जण. लिंडा रॉनस्टॅटनं 1983 मध्ये नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदाबरोबर जे गायलंय ते ऐकून मी आजही हातातलं काम थांबवतो.) दुसऱ्यात मात्र तुम्ही त्याच चुलीपुढे बसता, तीच भांडी घेता आणि लोक तुलना करणार हे माहीत असूनही नवीन काहीतरी रांधता. पॉल मॅककार्टनीचा 2012 चा जॅझ अल्बम घ्या. पियानोवर डायना क्रॉल, सगळी बडी मंडळी, पण त्यात स्वतःची नवी गाणी फक्त दोन. बाकी सगळी जुनी. मॅककार्टनीसारखा मॅककार्टनी, ज्याच्या वडिलांचा स्वतःचा जॅझ बँड होता, तोसुद्धा इथे दोनच गाणी पुढे करतो. यावरून काम किती अवघड असेल ते समजा.

आता कॉस्टेलो. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: एल्व्हिस कॉस्टेलो, खरं नाव डेक्लन मॅकमॅनस, जन्म लंडन, 1954. सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीत कंप्युटर ऑपरेटर होता. 1977 ला पहिला अल्बम आला. जाड फ्रेमचा चष्मा, आखडलेले खांदे आणि समोरच्याला टोचून काढणारे शब्द. त्याच वर्षी अमेरिकन टीव्हीवर थेट कार्यक्रमात त्यानं ठरलेलं गाणं दोन-चार ओळींनंतर थांबवलं आणि रेडिओवाल्यांना झोडपणारं दुसरंच सुरू केलं. त्या कार्यक्रमाचं दार मग त्याला बारा वर्षं बंद.

असा हा माणूस. त्याची ताकद शब्दांत होती आणि खोडही शब्दांतच. एका ओळीत तीन अर्थ, कोट्या, वर्तमानपत्रातल्या मथळ्यांची मोडतोड. ऐकताना आपण सतत मागे पडतो. पुलंचं एखादं वाक्य ऐकून हसेपर्यंत पुढचं निघून जातं ना, तसं. फक्त इथे हसू येण्याऐवजी ओरखडा उठतो.

आणि जॅझच्या अंगाचं, म्हणजे त्या जुन्या घाटाचं, गाणं नेमकी हीच खोड सोडायला लावतं.

का, ते सांगतो. त्या जुन्या गाण्यांचा साचा साधा असतो: बत्तीस बार (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन, बहुतेक चार मात्रांचं), आठ-आठचे चार तुकडे. पहिला तुकडा 'अ', मग पुन्हा 'अ', मग 'ब' जो घर सोडून जरा लांब फिरून येतो, आणि शेवटी परत 'अ'. आपला मुखडा आणि अंतरा आठवा. अंतरा वर चढतो, तिथे काहीतरी वेगळं सांगतो आणि मुखड्यावर उतरतो. फरक इतकाच, की आपल्याकडे दोन-तीन अंतरे असतात. इथे एकदा फिरून आलं की गाणं संपलं. जे काय सांगायचं ते तेवढ्यात. कोट्या करायला जागाच नाही. शिवाय हे गाणं एकट्या तुमचं नसतं. गायिका ते आपल्या पट्टीत घेणार, ट्रम्पेटवाला शब्द फेकून देऊन फक्त चाल वाजवणार. शब्दांनी सगळी जागा अडवली तर बाकीच्यांनी बसायचं कुठे?

1982 मध्ये कॉस्टेलोचं 'ऑलमोस्ट ब्लू' आलं. (घोळ लक्षात घ्या: याच नावाचा त्याचा एक अल्बम आदल्या वर्षी आला होता, पण तो कंट्री, म्हणजे अमेरिकन खेड्यापाड्यांतल्या ढंगाच्या गाण्यांचा, नॅशव्हिलला केलेला, आणि त्यात हे गाणं नाही. त्या अल्बमवर 'यात कंट्री संगीत आहे, कोत्या मनाच्या श्रोत्यांना त्रास होऊ शकतो' अशा अर्थाचा इशारा चिकटवलेला होता. माणूस मुळातच खोडकर.) चेट बेकर या ट्रम्पेटवाल्या गायकानं एक जुनं गाणं ज्या पद्धतीनं म्हटलं होतं, ती डोक्यात ठेवून त्यानं हे लिहिलं. तुम्ही आत्ता ऐका. पियानो सावकाश, ड्रमवर काड्यांऐवजी ब्रश. आणि ओळींचे शेवट बघा. एकामागोमाग एक ओळ 'ऊ' या स्वरावर संपते. ब्लू, डू, यू, टू. मी हे पहिल्यांदा कागदावर लिहून बघितलं तेव्हा चाट पडलो. जो माणूस ओळीच्या शेवटी टाचणी टोचल्यासारखं व्यंजन ठेवायचा, त्यानं इथे दार उघडं ठेवलंय. 'ऊ' हवा तेवढा लांबवता येतो, कुजबुजत म्हणता येतो, ट्रम्पेटमधूनही तसाच निघतो. आणि सगळा अर्थ 'ऑलमोस्ट' या एका शब्दावर तोललाय. जवळजवळ. जवळजवळ तीच, जवळजवळ तसंच. ब्लू म्हणजे इथे उदास. पूर्ण दुःखसुद्धा नाही, जवळजवळ दुःख. एवढंच सांगितलं आणि थांबला.

पुढे चेट बेकरनं हे गाणं खरंच घेतलं. जून 1987 मध्ये तोकियोत त्यानं ते गायलं, त्याचं रेकॉर्डिंग आहे. दात पडलेला, व्यसनांनी पोखरलेला माणूस, आणि आवाज असा की शब्द ओठांवरून जेमतेम सुटतात. वर्षभराच्या आत तो ॲमस्टरडॅममध्ये वारला. ज्याला ऐकून गाणं लिहिलं त्यानंच ते गावं, आणि लिहिणाऱ्यापेक्षा बरं गावं, यापेक्षा मोठं बक्षीस गीतकाराला कुठलं असेल ते मला माहीत नाही. माझ्या हिशेबी गाण्याला 'स्टँडर्ड' (ज्याला-त्याला गावंसं वाटणारं, टिकलेलं गाणं) म्हणायची कसोटी हीच: दुसऱ्यानं उचललं का? हे उचललं गेलं. डायना क्रॉलनंही 2004 मध्ये गायलं. (हो, ती त्याची बायको. पण गाणं तिच्या आधी दोन दशकं उभं होतं.)

मित्राचा दुसरा आरोप असा, की हे संगीत धरलं की राग संपतो, माणूस मऊ पडतो. त्यासाठी 'शिपबिल्डिंग' ऐकवावं लागेल. चाल क्लाइव्ह लँगरची, शब्द कॉस्टेलोचे, 1982, ब्रिटन-अर्जेंटिनाचं फॉकलंडचं युद्ध चालू. आधी रॉबर्ट वायटनं गायलं, पुढच्या वर्षी कॉस्टेलोनं स्वतः, आणि त्यात ट्रम्पेट कोणाचा तर याच चेट बेकरचा. गोष्ट अशी: जहाजं बांधायच्या गावात कारखाने बंद पडलेत, हाताला काम नाही. युद्ध आलं म्हणजे जहाजं लागणार, म्हणजे कामं निघणार, पोराला नवी सायकल घेता येणार. आणि त्याच जहाजांतून कोणाची तरी पोरं मरायला जाणार. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थॅचरबाईंवर दात ओठ खाऊन लिहिलेली गाणी त्या काळात पोत्यानं मिळतील, यानंही पुढे लिहिलं. पण हे प्रेमगीताच्या चालीवर, हळू आवाजात, बापाच्या तोंडून येतं, म्हणून आत जातं.

या गाण्याची कॅसेट मी कॉलेजात असताना घरी लावली होती. बाबा दिवाणावर पेपर वाचत होते. ते पक्के भावगीतवाले, सकाळी आकाशवाणी लागल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरायचा नाही. माझ्या बाकीच्या कॅसेटींवर त्यांचं एकच मत: "ते बंद कर." या गाण्याला काही बोलले नाहीत. संपल्यावर पेपर खाली न करता म्हणाले, "हा ओरडत नाही. काहीतरी वाईट झालेलं दिसतंय." इंग्रजी गाण्यातला एक शब्द त्यांना कळला नसावा.

बरं, हे कॉस्टेलोला आलं कुठून? मित्र म्हणतो, प्रौढपणी डोक्यात शिरलं. उलट आहे. वडील रॉस मॅकमॅनस हे जो लॉसच्या वाद्यवृंदात गायक. बँड रेडिओवर दर आठवड्याला चालू हिट गाणी वाजवायचा, त्यामुळे नवीन रेकॉर्डी घरी यायच्या आणि वडील त्या लावून लावून पाठ करायचे. आजोबा ट्रम्पेटवाले, जहाजांवर वाजवायचे. आई रेकॉर्डच्या दुकानात कामाला. पोरगं त्यातच वाढलं. म्हणजे रॉक ही त्याची बाहेरची मैत्री होती, घरी बोलायची भाषा हीच. 1979 मध्ये, ऐन रागाच्या दिवसांत, त्यानं आपल्या एका हिट गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला रॉजर्स-हार्ट या जोडीचं जुनं प्रेमगीत गाऊन ठेवलं होतं. तेव्हा कोणी फार लक्ष दिलं नाही इतकंच.

मात्र मेहनत त्यानं नंतर केली, आणि याबद्दल मला त्याचा खरा आदर आहे. स्वरलिपी वाचता-लिहिता येत नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, चाळिशीच्या उंबऱ्यावर, तो ती शिकला. नाव झालेलं, पैसा आलेला, तरी पाटी-पेन्सिल घेऊन बसला. मग बर्ट बॅकरॅक या अमेरिकन संगीतकाराबरोबर काम केलं. पहिलं गाणं 'गॉड गिव्ह मी स्ट्रेंग्थ' 1996 मध्ये एका चित्रपटासाठी, दोघं वेगवेगळ्या ठिकाणी, फोन आणि फॅक्सवर. पूर्ण अल्बम 1998 ला. बॅकरॅक शुद्ध जॅझवाला नव्हे, पण शिस्त तीच. त्याच्या चाली ऐकायला सोप्या आणि मोजायला गेलं की बोटं कमी पडतात. मध्येच अर्धा श्वास जास्त, मध्येच एक मात्रा गायब. तिथे शब्द कोंबता येत नाही. त्या गाण्याच्या कळसाला कॉस्टेलोचा आवाज चिरकतो, आणि मला तो चिरकलेलाच हवा असतो. पुढच्याच वर्षी गिटारवाला बिल फ्रिझेल यानं ती गाणी जॅझच्या अंगानं वाजवून वेगळा अल्बम केला. पुन्हा तीच कसोटी: उचललं गेलं.

आता मित्राला एक माप देतो, कारण सगळं मीच बरोबर असं व्हायला नको. 2003 चा 'नॉर्थ'. अकरा गाणी, सगळी स्वतःची, वाद्यवृंदाची मांडणीही स्वतः लिहिलेली. एक संसार मोडला आणि दुसरं प्रेम भेटलं, त्या क्रमानं लावलेली गाणी. अमेरिकेत पारंपरिक जॅझच्या यादीत अल्बम पहिला गेला आणि रॉकचे समीक्षक मात्र जांभया देत राहिले. मी तो विकत घेतला तेव्हा मलाही जड गेला होता, कबूल. चाली घर सोडून निघतात आणि परत येतच नाहीत, मुखडा सापडेस्तोवर गाणं संपतं. शिवाय इतकं खाजगी, की दुसऱ्या कोणी गायलं तर उसनी डायरी वाचल्यासारखं वाटेल. म्हणून त्यातली गाणी फारशी कोणी उचलली नाहीत. माझ्याच कसोटीवर नापास.

तरी त्यातलं दुसरं गाणं ऐका. नाव आहे 'समवन टुक द वर्ड्स अवे'. कोणीतरी शब्द काढून नेले. शब्दांवर पोट भरलेला माणूस हे म्हणतो आणि मग खरंच गप्प बसतो, आणि उरलेलं ली कोनिट्झ हा जॅझवाला ऑल्टो सॅक्सोफोनवर बोलतो. त्या वेळी कोनिट्झ पंचाहत्तरीचा. काही सिद्ध करायचं नसलेला सूर. एका नापास अल्बममध्ये एवढं मिळत असेल तर माझी ना नाही.

(जाता जाता: हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, 1951 च्या 'अलबेला'त गोव्याच्या चिक चॉकलेट या ट्रम्पेटवाल्याला घेऊन मुंबईचा स्विंग, म्हणजे नाचायच्या तालाचा जॅझ, गल्लोगल्ली पोचवला होता. आपल्या आज्या त्यावर नाचल्यात.)

मी स्वतः गेले दोन महिने मराठीत असं एक गाणं लिहायचा प्रयत्न करतोय, बत्तीस बारचं. म्हणून तर मित्रावर इतका चिडलो. आपल्याकडे निम्मे शब्द व्यंजनावर बंद होतात. घर, वाट, पाऊस. लांबवायला गेलं की 'घरऽऽ' होतं आणि नाट्यपदाचा वास येतो. मग 'आहे', 'नाही' हाताशी धरावे तर प्रत्येक ओळ अर्जासारखी वाटते. परवा रात्री गिटारवर म्हणून बघत होतो तर आतून बायकोनं विचारलं, "गाणं आहे की सोसायटीला पत्र?" त्या ओळी खोडल्या. आता 'पुन्हा', 'जुना', 'सुना' असं 'आ'वर चाललंय. दोन 'अ' झालेत, शेवटच्या 'अ'ची पहिली ओळ सुचली आहे. मधला 'ब' कोरा आहे.