‘डीप व्ही सांगून चपट्या तळाची बोट गळ्यात मारली’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू सोमवारी रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं, पण रागात लिहिलं गेलं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. आमची १६ फुटी बोट तुम्ही ट्रेलरवर घालून गोसीखुर्द धरणाच्या मोठ्या पाण्यात नेली. चारच्या सुमाराला वारा सुटला, बोट धाडधाड आपटायला लागली, पुढे बसलेली पोट्टी जागेवरून उडाली, सगळे चिंब झाले. पायाशी पाणी साचलं तरी ते उपसणारा पंप सुरू झाला नाही. वर कोटेशनवर ‘डीप व्ही’, म्हणजे इंग्रजी V सारखा खोल निमुळता तळ, असं लिहिलेलं, आणि अलिबागचे तुमचे मेहुणे फोटो पाहून म्हणाले की ही डीप व्ही नाहीच.

मेहुण्यांचं बरोबर आहे. मंगळवारी वाडीच्या गोडाऊनात कोनमापक घेऊन त्याच साच्यातल्या दुसऱ्या बोटीखाली आडवा झालो. मागे, जिथे इंजिन लागतं तिथे, तळाचा उतार १३ अंश भरला. डीप व्ही म्हणायला तो तिथे २० च्या वर पाहिजे. आपल्या बोटीचं पुढचं तोंड धारदार आहे, पण मागे जाता जाता तळ पसरट होत जातो. याला मॉडिफाइड व्ही म्हणतात. आमच्या पोट्ट्यानं पुढून पाहिलं आणि कोटेशनवर ठोकून दिलं. खाली सही माझी आहे. त्या एका शब्दावर तुम्ही पैसे परत मागितले तर मी वाद घालणार नाही.

पण हीच बोट मी का सुचवली होती, ते आठवा. तुम्ही आलात तेव्हा काम सांगितलं होतं तलावातल्या मासळीच्या पिंजऱ्यांचं. खाद्याची पोती न्यायची, पिंजऱ्याला बोट लावायची, दोन माणसं एकाच काठावर वाकून जाळं उचलणार. उभ्या बोटीत अशी माणसं एका बाजूला गेली की डीप व्ही चांगलीच कलते, कारण तिचा तळ पाण्यात निमुळता उतरलेला असतो, टेकायला बूड नाही. शिवाय ती पाण्यात जास्त बुडते, म्हणजे तुमच्या काठच्या गाळात रुतणार. आणि तेवढंच वजन तेवढ्याच वेगाने पळवायला इंजिन मोठं लागतं. तुमच्या ४० हॉर्सपॉवरवर पाच माणसं घेऊन ती धड पाण्यावर उचललीही नसती. त्या कामाला पसरट बूडच हवं, हे मी आजही म्हणेन.

माझी चूक पुढची. ट्रायल सकाळी सात वाजता, आरशासारख्या पाण्यात दिली, आणि तुम्ही विचारलंत ‘मोठ्या पाण्यात चालेल का?’ तर मी म्हणालो, ‘बिनधास्त’. असं बोलायला नको होतं.

आता मोठ्या पाण्याचं. आपल्याकडे लोकांना वाटतं, खवळतो तो समुद्र, धरणात काय व्हायचं! (नागपुरात बोटी विकतो म्हटलं की लोक आधी हसतात, ते सोडा.) समुद्रात आठ सेकंदांनी येणारी लाट शंभर मीटर लांब असते. छोटी बोट तिच्यावर चढते आणि उतरते. धरणात उन्हाळी वाऱ्याने उठलेली दोन सेकंदांची लाट जेमतेम सहा मीटर, आणि तुमची बोट पाच मीटरची. एका लाटेवरून उतरायच्या आत नाक दुसरीत घुसलेलं असतं. ताशी ४० किलोमीटरने वाऱ्याच्या तोंडावर गेलात तर सेकंदाला दोन फटके. लाट उंचीला कमी असली तरी हाडं खिळखिळी करते ती हीच.

तुम्ही टाकलेला व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. त्यात पाणी उडतंय ते बोटीच्या मध्याच्याही मागून. म्हणजे नाक वर होतं, इंजिन ट्रिम करून, म्हणजे त्याचा कल बदलून, वर घेतलेलं, आणि लाटेवर पडत होता तो मागचा पसरट भाग. धारदार तोंड हवेत! समोरून लाट असेल तर इंजिन आत घ्यायचं, नाक खाली आणायचं आणि वेग २० ते २५ वर ठेवायचा. वारा पाठीमागून असेल तेव्हा मात्र उलटं; त्या वेळी नाक खाली ठेवलं तर बोट पुढच्या लाटेत तोंड खुपसते आणि गर्रकन आडवी होते. हे डिलिव्हरीच्या दिवशी दाखवायला पाहिजे होतं. आम्ही फक्त चावी आणि हार दिला.

पोट्टी उडाली, त्यात तळाइतकाच दोष बैठकीचा. बोट मागच्या बाजूवर डुलते, त्यामुळे सगळ्यात जास्त वरखाली होतं ते पुढचं टोक. सगळ्यात कमी धक्का मागच्या तिसऱ्या हिश्श्यात. पुढचा गादीचा सोफा फोटोत झकास दिसतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावरच बोट विकली जाते. पण वाऱ्यात तिथे कोणी बसू नये, लेकरं तर नाहीच. खवळलेल्या पाण्यासाठी मधे स्टिअरिंग असलेली, चहूबाजूंनी मोकळी बोटच बरी. चालवणारा उभा असतो, धक्का पाठीऐवजी गुडघ्यांवर जातो.

मेहुणे कॅटामरान घ्या म्हणतात. दोन बुडांची बोट समोरच्या लाटेत मऊ चालते, कलतही नाही, पण जास्त वजन घातलं की दोन बुडांमधला बोगदा पाण्याला टेकतो आणि मग तो आपटतो तसं काहीच आपटत नाही. तुम्ही पोती भरणार. आणि मेहुण्यांची डीप व्हीची भक्तीही उगाच नाही. १९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीत रे हंटच्या आराखड्याची मॉपी ही ३१ फुटी लाकडी बोट खराब समुद्रात जिंकली, तेव्हापासून जग त्या तळामागे लागलं. पण ३१ फूट हो! १६ फुटात तीच जादू शोधायला गेलं की वजनाअभावी तीही उडतेच, फक्त पडते जरा मऊ.

पंपाचा दोष पूर्ण आमचा. काल आमचा माणूस तुमच्याकडे येऊन गेला. पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचखाली चिप्सचं पाकीट अडकलं होतं. तुम्ही म्हणाल, ‘कचरा आमच्याच पोरांचा.’ असेलही, पण तिथे जाळी बसवायचं काम आमचं होतं. आता बसवली, आणि गोडाऊनातल्या उरलेल्या तिन्ही बोटींनाही.

पुढचं तुम्ही ठरवा. बोट ठेवायची असेल तर पुढचा सोफा काढून तिथे पोत्यांसाठी सपाट फळी, आणि बॅटरीमागे तिघांची घट्ट बैठक करून देतो, आमच्या खर्चाने. परत करायची असेल तर वापराचे पैसे न कापता घेतो. दोन्हीच्या आधी एका रविवारी दुपारी चारला, वारा असताना, रामटेकच्या खिंडसीवर या. पेट्रोल माझं. मेहुणे नागपुरात असतील तर त्यांनाही आणा, स्टिअरिंग त्यांच्याच हातात देऊ.

आणि येताना ट्रेलरच्या डाव्या चाकाचं ग्रीस बघून घ्या. आमचा माणूस म्हणाला, बेअरिंग आवाज करतंय.