साहेबांनी आणखी एक पुस्तक वाचलं

आमचे साहेब सुट्टीवरून परत येणार म्हटलं की टीमच्या पोटात गोळा येतो. बाकीची माणसं सुट्टीत चार ठिकाणं बघतात, झोपा काढतात, फार तर वजन वाढवून येतात. हे महाशय विमानतळावरच्या दुकानातून लीडरशिपवरचं एक पुस्तक उचलतात आणि प्रवासातच त्याचा फडशा पाडतात. सोमवारच्या स्टँडअपला, म्हणजे सकाळच्या उभ्या-उभ्या मीटिंगला, नवी भाषा सुरू. मागे आम्ही 'फॅमिली' होतो. त्याआधी काही दिवस 'चॅम्पियन टीम' होतो. सध्या आम्ही सगळे 'ओनर' आहोत. ओनर! जो माणूस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सडून ऑफिसला पोचतो, ज्याला खराब झालेला माउस बदलून घ्यायला तिकीट टाकून अप्रूव्हलची वाट बघावी लागते, त्याला सांगायचं की तू ओनर आहेस. मग नफ्याचं पण बोला की. नाही, तिथे आम्ही 'रिसोर्स'.

लीडरशिपची पुस्तकं वाचून माणूस चांगला नेता होतो का, हा प्रश्न नेहमी वाचणाऱ्या साहेबालाच विचारतात. हा काय प्रकार आहे? त्याला वाटतंच की आपण सुधारलो. हाताखालच्या लोकांना विचारा ना. आमच्या साहेबांचा पुस्तकं वाचण्याआधीचा काळ मी पाहिलाय आणि नंतरचाही. आधी ते रजा नाकारायचे तेव्हा सरळ 'नाही जमणार' म्हणायचे. दोन सेकंदांत विषय संपायचा, आपण मनात चार शिव्या घालून कामाला लागायचो. आता रजा नाकारायला पाऊण तास लागतो.

परवाचंच घ्या. आमच्यातली एक ज्युनिअर मुलगी, मूळची सोलापूरची, माझ्या शेजारच्या डेस्कला बसते. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन दिवस रजा हवी होती. साहेबांनी नुकतंच समोरच्याचं मनापासून कसं ऐकावं यावर काहीतरी वाचलेलं. लॅपटॉप बंद केला, पुढे झुकले, डोळ्यांत डोळे घातले.

"म्हणजे तुला असं वाटतंय की या वेळी तू घरी असायला हवंस."

"हो सर."

"आणि त्यामुळे तुला खूप ताण आलाय."

"ताण नाही सर, तिकीट काढायचंय."

"आय हिअर यू," साहेब म्हणाले. मग थोडा पॉज घेतला. हा पॉजही पुस्तकातलाच असणार, कारण पूर्वी ते पॉज घेत नसत. शेवटी काय झालं? सॉफ्टवेअरचं रिलीज आहे म्हणून रजा नाही मिळाली. वर 'मोकळेपणाने बोललीस त्याबद्दल थँक यू' हे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. तिचा भाऊ नाशिकहून रजा काढून गेला. त्याचा साहेब बहुतेक काही वाचत नसावा.

आता कुणी म्हणेल, यात पुस्तकाचा काय दोष, वाचणारा तसला असेल तर पुस्तक काय करणार. थांबा. पुस्तकांचाही हिशेब करू.

या धंद्यातलं एक मोठं नाव म्हणजे जिम कॉलिन्स यांचं 'गुड टू ग्रेट', २००१ सालचं. १,४३५ कंपन्यांच्या यादीतून चाळत चाळत ११ 'महान' कंपन्या काढल्या. चाळणी कसली, तर १५ वर्षं शेअर जेमतेम बाजाराइतका आणि मग पुढची १५ वर्षं बाजाराच्या निदान तिप्पट. मग त्या ११ कंपन्यांच्या प्रमुखांत काय सारखं आहे ते शोधलं आणि त्यातून जगाला नेतृत्वाचे नियम सांगितले. त्यातला सगळ्यात गाजलेला नियम असा की आधी योग्य माणसं बसमध्ये घ्या, नको ती उतरवा, बस कुठे न्यायची ते मग ठरवा. आमच्या साहेबांना ही बस भयंकर आवडते.

त्या अकरांत सर्किट सिटी नावाची इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची अमेरिकन साखळी होती. २००७ साली तिने ३,४०० विक्रेत्यांना एका झटक्यात घरी बसवलं. गुन्हा काय, तर त्यांना पगार जास्त होता. म्हणजे जुनी, अनुभवी, गिऱ्हाइकाला टीव्ही समजावून सांगणारी माणसं बसमधून खाली, आणि स्वस्तातली माणसं आत. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी दुकानांना टाळं लागलं. दुसरी फॅनी मे, घरकर्जांच्या धंद्यातली. ती सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकन सरकारने ताब्यात घेतली. तिसरी वेल्स फार्गो ही बँक. तिथे वरून टार्गेटचा असा दट्ट्या होता की खालच्या लोकांनी गिऱ्हाइकांच्या नावावर त्यांना न विचारता खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला. नोकऱ्या कुणाच्या गेल्या? बँकेने सांगितलेला आकडा सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांचा होता, आणि त्यात बहुतेक खालच्या फळीतले.

यावर कॉलिन्सभक्तांचं उत्तर तयार असतं की नियम बरोबर होते, कंपन्यांनी ते सोडले. वा! शेअर वर गेला की नियम पाळले म्हणून, खाली आला की नियम सोडले म्हणून. आमच्याकडचे ज्योतिषी तरी इतके बिनधास्त नसतात, ते निदान एखादा शनी पुढे करतात. स्वतः कॉलिन्स यांनी २००९ मध्ये मोठ्या कंपन्या कशा कोसळतात यावर वेगळं पुस्तक काढलं. तेही खपलं. चढलात तरी पुस्तक, पडलात तरी पुस्तक.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९८२ मध्ये पीटर्स आणि वॉटरमन यांनी 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' लिहून उत्कृष्ट कंपन्या निवडल्या होत्या, आणि दोनच वर्षांत 'बिझनेसवीक'ला त्यातल्या किती गाळात गेल्या यावर कव्हर स्टोरी करावी लागली.

फिल रोझेन्झ्वाइग नावाच्या प्राध्यापकाने २००७ मध्ये या सगळ्या प्रकाराची यथेच्छ सालटी काढली. त्याचं म्हणणं साधं आहे. कंपनी जोरात असली की तिचा प्रमुख दूरदर्शी, ठाम, माणसं जपणारा दिसतो. तीच कंपनी आपटली की तोच माणूस हटवादी आणि गर्विष्ठ दिसायला लागतो. मार्च २००० मध्ये सिस्को ही नेटवर्किंगची उपकरणं बनवणारी कंपनी शेअर बाजारात जगातली सगळ्यात मोलाची कंपनी झाली तेव्हा तिच्या नेतृत्वाच्या आरत्या चालू होत्या. शेअर कोसळला आणि वर्षभरात त्याच मासिकांनी त्याच लोकांचे दोष मोजायला घेतले. माणूस तोच, खुर्ची तीच. मग नेतृत्वाचे धडे काढायचे कशातून, शेअरच्या भावातून? पण रोझेन्झ्वाइगचं पुस्तक कंपनीच्या कुठल्या टाउनहॉल मीटिंगमध्ये वाटलेलं मी पाहिलं नाही. कसं वाटतील? ते वाचलं तर बाकीची गठ्ठ्याने घेतलेली पुस्तकं रद्दीत घालावी लागतील.

वाटण्यावरून आठवलं. 'हू मूव्ह्ड माय चीज?' हे १९९८ सालचं पिटुकलं पुस्तक अमेरिकेत कंपन्यांनी गठ्ठ्याने घेऊन कर्मचाऱ्यांना वाटलं, तेही कुठे कपात, कुठे फेररचना चालू असताना. गोष्ट अशी की चीज रोजच्या जागेवरून नाहीसं होतं. शहाणा तो जो कुरकुर न करता दुसरं चीज शोधायला निघतो. चीज हलवलं कुणी, का हलवलं, त्याला विचारायला कुठे जायचं, हे प्रश्न विचारणारा त्या गोष्टीत मूर्ख ठरतो. नोकरी जायच्या आदल्या आठवड्यात हे पुस्तक टेबलावर ठेवणाऱ्याच्या धाडसाला मानलं पाहिजे.

आणि जॅक वेल्च. जनरल इलेक्ट्रिकचे साहेब, जगभरच्या साहेबांचे साहेब. वरचे २० टक्के डोक्यावर घ्या, मधले ७० सांभाळा, खालचे १० काढून टाका, ही त्यांची शिकवण. ती पुस्तकांतून, भाषणांतून, एमबीएच्या वर्गांतून झिरपत आमच्या अप्रेझलपर्यंत पोचली. आमच्या दहाच्या टीममध्ये दहाही जणांनी जीव तोडून काम केलं तरी एकाला खालचं रेटिंग द्यावंच लागतं, याला म्हणतात 'कर्व्ह'. गेल्या खेपेला ते कुणाला गेलं? जी मॅटर्निटी लीव्हवर होती तिला. 'पर्सनली घेऊ नकोस, कर्व्ह आहे.' तिकडे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही उतरंड मोडीत काढली. २०१८ मध्ये डाऊ जोन्स या अमेरिकन शेअर निर्देशांकाच्या ३० कंपन्यांच्या यादीतून जनरल इलेक्ट्रिक बाहेर पडली, २०२४ पर्यंत तिचे तीन तुकडे झाले. मूळ दुकान मोडलं तरी आमच्याकडे कर्व्ह शाबूत आहे.

सगळीच पुस्तकं फालतू आहेत असं मी म्हणणार नाही. इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांचं १९८३ सालचं पुस्तक आहे, त्यात गडी पहिल्या पानांपासून नाश्त्याच्या हिशेबात शिरतो. अंडं उकडायला तीन मिनिटं, टोस्ट, कॉफी, सगळं गरमागरम एकदम टेबलावर यायचं तर आधी काय सुरू करायचं. मग मीटिंग कशी घ्यायची, हाताखालच्याशी एकेकट्याने किती वेळा आणि कशावर बोलायचं. रटाळ वाटेल, पण कामाचं आहे. त्यातून स्टेटसला टाकण्यासारखं वाक्य निघत नाही, ही त्याची अडचण.

आपल्याकडे तर महाराजांनाही मॅनेजमेंट गुरू करून टाकलंय. मुखपृष्ठावर तलवार, आत अमेरिकन पुस्तकांतले तेच ते सात-आठ मुद्दे, मध्ये मध्ये प्रतापगड आणि आग्रा. अरे, महाराजांचं नेतृत्व बघायचं तर १६७३ सालचं, चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना गेलेलं पत्र काढून वाचा. त्यात व्हिजन, मिशन काही नाही. त्यात गवत आहे. पावसाळा पुरेल इतका दाणावैरणीचा साठा केलाय, तो बेतानेच वापरा. आत्ताच उधळलात तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याकडून कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी आणायला लागाल, रयत गाव सोडून पळेल, आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे असं तिला वाटेल. दिवा तसाच ठेवून झोपलात तर उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताच्या गंजी जळतील. एवढ्या मोठ्या राजाला उंदराची आणि वातीची फिकीर होती. चूक खालच्यांनी केली तर भोगणार कोण, हे त्याला आधीच दिसत होतं.

आमच्या साहेबांना आमचं गवत किती उरलंय ते माहीतच नसतं. क्लायंटला शुक्रवारची तारीख देताना त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं. मग मीटिंगमध्ये 'आपण हे का करतोय, त्या "का"पर्यंत जाऊ या' असं सुरू झालं. एक सीनिअर टेस्टर शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही तारीख दिलीत म्हणून." साहेबांनी ते व्हाइटबोर्डवर लिहिलं नाही. क्लायंटला 'एवढ्यात होणार नाही' सांगायला जो कणा लागतो तो कुठल्या प्रकरणात शिकवतात, मला दाखवा. मी स्वतः पुस्तक विकत आणून देतो, अप्पा बळवंत चौकातून, ओरिजिनल कॉपी, फुटपाथवरची नाही.

तो टेस्टर गेल्या महिन्यात गेला. ९० दिवस नोटीस पिरिअड भरला, शेवटच्या दिवसापर्यंत बग काढत बसला. एचआरच्या एक्झिट फॉर्ममध्ये सोडण्याचं कारण निवडायचं असतं. बेटर अपॉर्च्युनिटी, हायर स्टडीज, रीलोकेशन, हेल्थ, पर्सनल. 'मॅनेजर' हा पर्याय नाही. त्याने 'पर्सनल' टिक केलं.

तरी लोक फार सोडून चाललेत हे वर कुणाच्या तरी लक्षात आलंच. उपाय निघाला. सगळ्या मॅनेजर लोकांना लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवस लीडरशिप वर्कशॉप, बाहेरचा ट्रेनर, आणि जाताना प्रत्येकाच्या बॅगेत एक नवं पुस्तक. आमचे गेल्या तिमाहीचे कॉम्प-ऑफ, म्हणजे सुट्टीत काम केल्याच्या बदली रजा, अजून साहेबांच्याच इनबॉक्समध्ये पेंडिंग आहेत. लोणावळ्याला वायफाय असतं म्हणे. तेवढं एक बटण दाबून टाका, सर.