शुगर? छे, बॉर्डरवर आहे!

साखर वाढल्याचं कळलं की घाबरायचं नाही. चारचौघांत सांगायचं, "बॉर्डरवर आहे." बॉर्डरवर दहा-दहा वर्षं सलग उभं राहणं सैनिकालाही जमत नाही, तुम्हाला जमतं.

तपासणीआधी दोन दिवस भात आणि गोड बंद ठेवा. उपाशीपोटीची साखर अशी देखणी येईल की रिपोर्ट फ्रेम करावासा वाटेल. फक्त ते एचबीएवनसी टाळा. मेलं मागच्या तीन महिन्यांच्या चहाड्या करतं, हापूससकट. गूळ मात्र बिनधास्त खा. रक्तात उतरल्यावर आपण साखरेहून निराळे दिसतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

जादा साखर रक्तवाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर बिघडवते आणि तिथे कोलेस्टेरॉल बूड टेकतं, एसटीत रुमाल टाकून जागा धरल्यासारखं. जोडीला बीपी आणि तंबाखूची चिमूट असली की बघायलाच नको. म्हणून डॉक्टर साखरेच्या गोळीसोबत कोलेस्टेरॉलचीही लिहून देतात. ती घेऊ नका. साखरेच्या डॉक्टरला हृदयाच्या चौकशा कशाला?

फिरायला निघालात की देवळापाशी पोटरी भरून येते, पारावर दोन मिनिटं टेकलं की थांबते. रोज तिथेच! पायाला रक्त कमी पोचतंय असं कुणी म्हणालं, तर "वय झालं" म्हणून मोकळे व्हा. पुढे तळव्यांच्या नसा बधिर झाल्या की दुखण्याची कटकटच मिटते. आमच्या शेजारच्या काकांच्या चपलेत खिळा वर आला होता. ते दिवसभर त्यावरून चालले. संध्याकाळी काकूंना फरशीवर डाग दिसले, तेव्हा काका म्हणाले, "कुणाचा गं पाय कापला?"

हीच बधिरता हृदयाच्या नसांपर्यंत पोचली की खरी चैन. इतरांना झटका आला की बिचारे छाती धरून बसतात. तुम्हाला नुसता घाम, थोडा दम, जरा मळमळ. ओवा चावायचा, सोडा प्यायचा, वर एक ढेकर. दवाखान्याचा खर्च वाचला!

पुढे कधीतरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी निघेल. डॉक्टर पट्टी दोनदा बघतील आणि विचारतील, "हा अ‍ॅटॅक कधी येऊन गेला?" तेव्हा नीट आठवून सांगा: पुतणीच्या साखरपुड्यात, जिलबीच्या पंगतीला, घाम आला होता खरा. पण तेव्हा लाइट गेली होती.