बोट तिरकी, शेगडी सरळ

आमच्या दाजींनी अख्खी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे रिटायर झाल्यावर त्यांना समुद्र बघायची हौस आली. मग काय, एक सेकंडहॅन्ड तीस फुटी शिडाची याट घेतली आणि डिसेंबरातल्या पौर्णिमेला ताई, मी, बायको, लेक आणि आमची आई अशी सगळी वरात म्हापशाहून पणजीला बोलावून त्यात कोंबली. पहाटे मतलई वाऱ्यावर मांडवीतून बाहेर पडायचं, आग्वादला डॉल्फिन बघायचे, दुपारी शापोऱ्याच्या खाडीत नांगर टाकून जेवायचं, असा बेत.

डॉल्फिन दिसले हो. पण आपल्या किनाऱ्यालगतचे हे कुबडवाले डॉल्फिन टीव्हीतल्यासारख्या कोलांट्या मारत बसत नाहीत, करडी पाठ वर, एक श्वास, की गायब. लेक म्हणाली, "बाबा, टायर बुडाला." त्या एका टायरमागे पाच टुरिस्ट बोटी भणाणत होत्या, मीही पाठ दाखवून पळालो असतो.

दहाला वारा पडला. मग इंजिनवर बागा, हणजूण, वागातोर, सायकलच्या स्पीडने. शापोऱ्याच्या तोंडाशी पोचायला दोन वाजले. बोटीवरच्या नकाशाच्या स्क्रीनवर खोली भरपूर दिसत होती, पण तिथली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते हे स्क्रीनला कोण सांगणार? खर्रर्र. बोट थांबली, दाजी म्हणाले "काही नाही, निघेल", आणि ओहोटीचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेलं. याटीला खाली पाच फूट खोल पातं असतं, त्यावर ती उभी राहत नाही, हळूहळू कुशीवर झोपते. आम्ही सगळे एका भिंतीवर गोळा.

त्यात संडास! तो बाहेरचं समुद्राचं पाणी हातपंपाने ओढतो, आणि पाणी घ्यायचं भोक आता हवेत. पंप मारला की नुसतं फुस्स. या विषयावर जास्त लिहीत नाही, बायको वाचते.

सरळ फक्त एकच वस्तू राहिली, शेगडी. ती पाळण्यासारखी टांगलेली असते, बोट कितीही कलंडू दे, ती आपली सपाट. आई तिच्याकडे बघून म्हणाली, "ही मेली वाकडी का झालीय?"

एव्हाना वाळू पूर्ण उघडी पडली. पलीकडे कुरवांचा थवा बसलेला, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला आलेल्या बायका चालत चालत बोटीपाशी आल्या. "कितें जालें?" दाजी भरतीचं कायतरी इंग्लिशमधून सांगायला लागले, तोवर आमची आई शिडीवरून उतरून, साडी खोचून, त्यांच्याबरोबर वाळू उकरत होती. जन्म वेंगुर्ल्याचा.

समोर मोरजीची वाळू. ऑलिव्ह रिडले कासवीण तिथे रात्री येते, अंडी घालते, परत जाते, तेही जीपीएसशिवाय. हे मी मोठ्याने बोललो, बोलायला नको होतं. दाजी तासभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिरक्या बोटीत रुसायला वेगळी जागा नसते, ते माझ्याच अंगावर रेलून रुसले होते.

संध्याकाळी शेगडीवर तिसऱ्यांचं सुकं शिजत असताना आई सहज म्हणाली, "आज पौर्णिमा. पंधराची पाऊणकी सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, मग दोनला आत शिरायचं कशाला?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते म्हणे. बोटीवर शांतता.

"आई, हे आधी का नाही सांगितलंत?" दाजी.

"तुम्ही त्या टीव्हीत बघत होता ना, म्हटलं मालिका असेल."

रात्री दहाच्या सुमाराला चंद्र डोक्यावर येत असताना खालून गुदगुल्या केल्यासारखं झालं आणि बोट उठायला लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आठ तासांत तिरक्या हिशेबाने टेकवून ठेवलेलं सगळं, ताटं, बादली, दाजींचा चष्मा आणि झोपलेली लेक, एकदम पलीकडच्या भिंतीवर गेलं. सुक्याचा टोप तेवढा शेगडीवर होता. त्यातला एक थेंब सांडला नाही.