उभ्याउभ्या सोबा

"सोबा असा फुगू द्यायचा नसतो," असं मला ज्या आजोबांनी सुनावलं, तो फुगवला होता त्यांनीच. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या जपानी शेवया, इथे गरम रश्शात घालून दिलेल्या. जागा तोक्योतली. स्टेशनात, जिन्याच्या कोपऱ्यात असतो तसा उभ्याने खायचा सोबा-स्टॉल. खुर्च्या नाहीत, फक्त एक उंच कट्टा, आणि दारात कुपनाचं मशीन. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं. चित्रलिपी वाचता येत नसेल तर सगळ्यात वरच्या ओळीतलं डावीकडचं बटण दाबावं, दुकानाचा हुकमी पदार्थ बहुधा तिथे असतो. कुपन कट्ट्यावर ठेवून तोंडाने एकच शब्द बोलायचा, "सोबा" किंवा "उदोन" (गव्हाच्या जाड शेवया), कारण कुपन दोन्हींना तेच चालतं. शेवया आधीच उकडलेल्या असतात. स्वयंपाकी त्या लांब दांड्याच्या खोल जाळीत घालून पंधरा-वीस सेकंद उकळत्या पाण्यात धरतो, झटकतो, वर रस्सा ओततो. मिनिटाच्या आत वाडगा समोर. पाच मिनिटांत खायचं, वाडगा स्वतःच परत नेऊन ठेवायचा आणि गाडी पकडायची. एवढ्या साध्या व्यवहारात अपमानाला जागाच नसावी.

पण मशीनने माझी नोट परत फेकली. जपानने ३ जुलै २०२४ पासून नव्या नोटा आणल्या. हजाराच्या नोटेवर आधी नोगुची हिदेयो होते, आता कितासातो शिबासाबुरो आहेत. दोघेही जंतुशास्त्रज्ञ, आणि नोगुची उमेदवारीच्या काळात कितासातोंच्याच संस्थेत काम करत होते. म्हणजे हे मशीन मदतनिसाला ओळखतं आणि साहेबांना दारातून परत पाठवतं. छोट्या दुकानांना मशीन बदलणं किंवा दुरुस्त करून घेणं परवडत नाही, हे समजतं. २०२१ साली निघालेलं पाचशेचं दोन रंगांचं नाणंसुद्धा कित्येक मशीन अजून गिळत नाहीत. कारण समजल्याने भूक मात्र कमी होत नाही. मी नोट सरळ करून, उलटी करून, मांडीवर घासून पुन्हा पुन्हा घालत होतो, तेवढ्यात मागून एक हात आला. त्यात जुनी नोट होती.

आजोबांनी नोटा बदलून दिल्या. डोक्यावर टोपी, काखेत घोड्यांच्या शर्यतीचं वर्तमानपत्र, कानावर पेन्सिल. उपकार झाला होता, तेव्हा कट्ट्यावर त्यांच्या शेजारी उभं राहणं आलं. माझ्यासमोर काकिआगे-सोबा, त्यांच्यासमोर साधा सोबा आणि सोबत करीभाताचा छोटा वाडगा.

"कुठले?"

"भारत."

"ओ! मग करी!"

आणि त्यांनी तो वाडगा माझ्याकडे सरकवला.

"बघा."

"काय बघू?"

"बरोबर आहे का?"

खाऊन बघा असं ते म्हणत नव्हते. अनोळखी माणसाच्या ताटात कुणी चमचा घालत नाही तिथे. फक्त वास घेऊन निकाल द्यायचा होता. मी वाकून वास घेतला. हळद, मेथी, जिरं, तुपकट मैदा, मागे गोडसर काहीतरी. "छान आहे," म्हटलं.

"छान नको. बरोबर आहे का ते सांगा. भारतात अशीच असते?"

"नाही."

आजोबांनी चमचा खाली ठेवला. "काय कमी आहे?"

"कमी काही नाही. मैदा जास्त आहे."

ते कट्ट्यापलीकडे वळले. "यात मैदा आहे?"

"आहे," स्वयंपाकी म्हणाला.

"भारतात नसतो म्हणे."

आता स्वयंपाक्यानेही हात थांबवला. "मग दाट कशाने करता?"

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर म्हणजे भाजलेला कांदा, सुकं खोबरं, शेंगदाण्याचं कूट, घराघरात वेगळं आणि त्यावरून भांडणं. हे मोडक्या जपानीत सांगायला अर्धा तास लागतो. माझ्या वाडग्यातल्या शेवयांकडे अर्धा तास नव्हता. म्हणून मी विषय तोडायला म्हटलं, "ही करी आमची नाहीच. इंग्रजांकडून आली तुमच्याकडे. १८७२ साली जपानी पाकपुस्तकात छापलेल्या एका करीत तर बेडूक होता."

"बेडूक?" आजोबांनी वाडग्यात पाहिलं.

"आता नसतो," स्वयंपाकी गंभीरपणे म्हणाला.

पुढे दोघांचं बेडकावर चाललं. त्यात आजोबांची कमाल अशी, की प्रत्येक वाक्यामागे ते एक भुरका मारत होते. पाच-सहा शेवया, एका श्वासात, मध्ये न तोडता. त्यांचा वाडगा रिकामा झाला. मग त्यांनी माझ्या वाडग्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ते वर लिहिलेलं वाक्य बोलून निघून गेले.

भारतीय दिसला की त्याच्याकडून करीचा दाखला घ्यायचा, हा काय प्रकार आहे? ती करी कधीच जपानी झाली. १९०८ च्या नौदलाच्या पाकपुस्तकात ती आहे, आजही तिथल्या सागरी दलात शुक्रवारी करीभात असतो, आणि कोको इचिबान्या या जपानी करी-साखळीने २०२० साली थेट गुडगावात दुकान काढलं. दाखला आता त्यांनी आम्हाला द्यायचा. मी सोबा खायला गेलो होतो. सोब्याबद्दल मला कुणी काही विचारत नाही, आणि नेमकं त्याबद्दलच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

फुगतो का, ते आधी. स्टॉलवरच्या शेवयांत कुट्टूपेक्षा गव्हाचं पीठ बऱ्याचदा जास्त असतं, आणि उकडून ठेवलेल्या असल्याने त्यांनी पाणी आधीच प्यायलेलं असतं. गरम रश्शात चार-पाच मिनिटांत त्यांचा कणा जातो, चव पिठूळ होते आणि रस्सा निम्मा गायब. म्हणून घाई. भुरका मारणं हाही शिष्टाचार कमी आणि सोय जास्त, हवा आत ओढली की शेवई निवते आणि वास मागून नाकात चढतो. घात होतो तो शिचिमीचा. मिरची, तीळ, संत्र्याची साल असल्या सात जिनसांची ही पूड वरून भुरभुरली आणि लगेच जोरात भुरका मारला, तर ती थेट श्वासनळीत जाते आणि शांत स्टॉलवर आपण एकटेच खोकत राहतो. ती रश्शात बुडवावी, मग ओढावं.

काकिआगे म्हणजे कांदा-गाजराचे लांब काप पिठात कालवून तळलेली जाड चकती. एक तृतीयांश कुरकुरीत असतानाच खावी, एक तृतीयांश रश्शात अर्धवट भिजवून. उरलेलं आपोआप विरघळतं आणि रश्शावर तेलाचे डोळे येतात, ते फुकट. सकाळी तळून ठेवलेली असेल तर कुरकुरीत भाग नसतोच, नुसता तेलकट लगदा. कढईचा आवाज येत नसेल तर ती घेऊ नये.

कोरोक्के-सोब्याला जपानी लोकही नाक मुरडतात, सोब्यावर बटाट्याचं कटलेट म्हणून. मला तो सगळ्यात आवडतो, कटात बुडवलेला बटाटेवडा ज्याला कळतो त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. अट एकच, कटलेट शेवटपर्यंत फोडायचं नाही. आधी फुटलं की रस्सा गढूळ. तळणीचा चुरा घातलेला तानुकी स्वस्त आणि ठीक. कच्चं अंडं फोडलेला त्सुकिमी मला जमत नाही, रस्सा उगाच बुळबुळीत होतो. करी-नानबान, म्हणजे करीत स्टार्च घालून दाट केलेला सोबा, पांढरा शर्ट असेल तर मागवू नये. स्टार्चमुळे तो निवत नाही आणि शेवई ओढताना शेपूट उडतं.

नागोयाच्या फलाटावर याच जागी किशिमेन नावाच्या चपट्या पट्ट्या मिळतात. हिमेजीला १९४९ पासून जपानी रश्शात पिवळ्या चिनी शेवया देतात, वेडेपणा वाटतो आणि चांगला लागतो. रश्शाचा रंग तोक्योत काळपट आणि ओसाकाकडे सोनेरी. दोनबेई या कपातल्या उदोनवरसुद्धा 'ई' आणि 'डब्ल्यू' छापून पूर्वेचा आणि पश्चिमेचा रस्सा वेगळा विकतात. फिका दिसतो म्हणून पश्चिमेचा सोयासॉस कमी खारट समजू नये, त्यात मीठ उलट जास्त असतं.

आणि या सगळ्या रश्शांत मासा आहे. भारतातून येणारे पाहुणे हे ऐकूनच घेत नाहीत. "कुठे दिसत तर नाहीये," म्हणतात. दिसणार कसा, वाळवलेल्या बोनितो आणि बांगड्याच्या जाड चकत्या अर्धा-पाऊण तास उकळून गाळून टाकलेल्या असतात. साधा सोबा, वरून कांद्याची पात, म्हणजे शुद्ध शाकाहारी, हा गैरसमज मी कट्ट्यावर उभं राहून किती जणांचा दूर करायचा?

त्यांच्यासाठी घरी करावं. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि तीन-चार वाळलेले शिताके मशरूम रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवावेत. सकाळी मंद आचेवर ठेवून उकळी फुटायच्या आत कोम्बू काढावा, नाहीतर रस्सा चिकट होतो. वेगळ्या पातेल्यात आधी मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू) उकळून त्यातली दारू उडवावी (पाहुणे विचारणारच), मग साखर विरघळवावी आणि सोयासॉस घालून उकळी न आणता तापवावं. प्रमाण सोयासॉस पाच, मिरिन एक, साखर एक. आठवडाभर मुरू द्यावं, ताजं वापरलं तर सोयासॉस टोचतो. याचा एक भाग आणि कोम्बूचं पाणी आठ ते दहा भाग. पाकिटावर घटकांत पहिलं नाव कुट्टूचं असेल अशा शेवया आणाव्यात, उकडून गार पाण्यात चोळून धुवाव्यात, पुन्हा गरम करून वाडग्यात घालाव्यात.

पाहुणे पहिला घास घेतात, एकमेकांकडे बघतात, आणि विचारतात, "लोणचं आहे का?"